आप्पांचा जड क्लच

"तिसऱ्यांदा आणलीय बघ, बाळू. क्लच अजून जडच हाय," गाडीतून उतरत आप्पा म्हणाले.

मी हातातला पाना बाकावर आपटला. "प्लेट नवी घातली, प्रेशर प्लेट बदलली. आता काय माझी हाडं घालू त्यात?"

सदलग्याचे आप्पा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. निपाणीत झाडाखाली पान्यांची पेटी घेऊन बसायचो, तेव्हापासून त्यांची पांढरी अँबॅसडर माझ्याकडे येते. पुढे गॅरेज उभं राहिलं ते माझ्या हाताच्या जोरावर. म्हणूनच राग जास्त होता. हेच आप्पा बाजारात चहाच्या टपरीवर सांगत होते, "बाळूचा हात गेला आता." एका गिऱ्हाइकानं ते मला तोंडावर ऐकवलं होतं.

क्लच म्हणजे डाव्या पायाचं पेडल. ते दाबलं की इंजिन आणि चाकं क्षणभर एकमेकांपासून सुटतात आणि गिअर बदलता येतो. आत झीज झाली की पेडल जड लागतं. पण मी स्वतः फेरी मारून बघितली होती. पेडल अगदी मऊ जात होतं.

"आज तुम्ही चालवा," मी म्हणालो. "मी शेजारी बसतो. खोट निघाली नाही तर त्याच टपरीवर येऊन माझं नाव धुऊन द्यायचं."

"चल की. भितो काय तुला?"

अकोळ रोडला लागलो. समोरून उसाची ट्रॉली आली. आप्पांनी गिअर उतरवायला डावा हात दांड्यावर ठेवला. मग उजवा हात स्टिअरिंगवरून काढला, डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि गुडघा जोरानं खाली दाबला. क्लच गेला. तेवढा वेळ स्टिअरिंग कुणीच धरलं नव्हतं. मी झडप घालून ते वळवलं.

आप्पांनी गाडी कडेला लावली.

"बघितलास न्हवं?"

"कवापासनं?"

"लई दिवस झालं. पायात जोरच येत न्हाय."

माझं डोकं सटकलं. "मग बाजारात माझं नाव का खराब केलासा?"

"मग कुणाचं करू? माझं?" आप्पा हळूच म्हणाले. "बिघाड गाडीत असला तर तू काढशील रं. म्हणून आणत होतो."



मग घासाघीस सुरू झाली. "पेडलाचा दांडा लांब कर, हलकं होईल."

"होईल. पण उद्या पायानं पुरताच दगा दिला तर? मी करणार न्हाय."

"बरं, नुसतं बस्तीपर्यंत चालवतो."

"न्हाय."

"आक्काचं काय मग?"

आप्पा राहतात मळ्यात, आणि बस्ती, म्हणजे त्यांचं जैन मंदिर, गावात. आप्पांच्या पत्नी, आक्का, रोज सकाळी दर्शन घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. गुडघे गेलेत. रिक्षाचे हादरे सोसत नाहीत. या गाडीची रुंद, खाली बसकी सीट तेवढी त्यांना जमते. गाडी थांबली की आक्का उपाशी. मुलगा बंगळूरहून फोनवर सांगतो, गाडी मोडीत घाला. त्याला सांगायला काय जातंय!

"गाडी मी चालू ठेवतो, शब्द देतो," मी म्हणालो. "चालवणारा बदला."

स्टिअरिंग मीच घेतलं आणि त्यांना मळ्यावर सोडायला गेलो. अंगणात त्यांची सून सुजाता होती. गावातल्या शाळेत शिकवते, म्हणून नवरा बंगळूरला असला तरी ती इथंच राहते. मी विचारलं, "वहिनी, गाडी येती काय?"

"लायसन हाय माझ्याकडं. धारवाडला शिकताना काढलंय."

आप्पा चमकले. "मला न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही कुठं विचारलासा, मामा?"

"म्हणजे सून पुढं बसून गाडी हाणणार आणि सासरा मागं बसणार? गाव काय म्हणंल?"

कट्ट्यावरून आक्का म्हणाल्या, "गावाला लाज वाटत असंल तर तुम्ही चालत या. मी गाडीतनं जाते."

त्यांच्यापुढं आमच्या दोघांची घासाघीस तिथंच संपली.

लगेच मळ्याच्या वाटेवर फेरी काढली. मी सुजाताच्या शेजारी, आप्पा-आक्का मागं. दोनदा गाडी बंद पडली. "क्लच हळू सोड गं पोरी! घाई न्हाय आपल्याला," मागून आप्पा ओरडले. तिसऱ्यांदा गाडी चालू लागली. तिनं गिअर टाकला तसं मी वळून बघितलं. मागच्या मॅटवर आप्पांचा डावा पाय दाबला जात होता. दुसऱ्या गिअरलाही, तिसऱ्यालाही. आक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. दाबत नव्हत्या, नुसता ठेवला होता.

आता जुनी गाडी आली की मी आधी मालकाला चालवायला लावतो आणि शेजारी बसतो. बॉनेट नंतर उघडतो. एवढं कळायला मला एक प्रेशर प्लेट उगाच बदलावी लागली.