साहेब, आक्का आणि नेसरीचा तळ

मंत्र्याचा पीए कुठंही जेवायला बसला, की पहिला घास तोंडात जायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "काय राव, नवीन काय?" आणि दर वेळी काहीतरी असतंच! मी काही लिहून ठेवत नाही, तरी डोक्यात साठत जातं. परवा बायको म्हणाली, "एकदा सगळं सांगून मोकळे व्हा, म्हणजे कोथिंबीर आणायची तरी लक्षात राहील." तर ऐका.

आमचे साहेब कोल्हापूरचे, दिल्लीत राज्यमंत्री. खाती दोन, एक संरक्षण आणि दुसरं कंपन्यांचं. ही जोडी कुणी जुळवली देव जाणे! त्यामुळं स्पर्धा कायद्याचे प्रश्नही साहेबांनाच आणि लष्कराचे जुने तळ बंद करायचे प्रश्नही साहेबांनाच. त्या बंद करायच्या यादीत नेसरीजवळचा एक छोटा तळ होता. आणि त्या तळाच्या गेटसमोर साहेबांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, चहा-भज्यांची टपरी! गिऱ्हाईक म्हणजे सगळे जवान. तळ गेला की टपरी गेली. भाऊ मंत्री झाला म्हणून त्याच्याकडून साधं लुगडंही न घेणारी बाई ती. यादी हातात घेतली, की साहेबांची नजर आधी नेसरीवरच जायची.

* * *

आक्कांचा फोन रोज सकाळी यायचा. एकदा साहेब अंघोळ करून टॉवेलवरच बाहेर आले आणि फोन वाजला.

"बाळ्या, गेट बंद हुतंय व्हय?"

साहेब गडबडले. सवयीनं म्हणाले, "सर्व संबंधितांशी चर्चा करून योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल."

पलीकडून आवाज आला, तो मला चार फुटांवर ऐकू आला. "आरं, मी तुझी भन हाय, विरोधी पक्ष न्हाय!"

* * *

स्पर्धा कायदा म्हणजे काय, हे साहेबांनी एकदा तालमीच्या कार्यक्रमात समजावून सांगितलं. समोर सगळे पैलवान मांडी घालून बसलेले.

"दोन दुकानदार वरनं भांडत्यात आणि आतनं भाव ठरवत्यात, ही झाली नूरा कुस्ती! असली ठरवून केलेली कुस्ती पकडायची, म्हणजे स्पर्धा कायदा."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तेवढ्यात एक म्हातारे वस्ताद उठले. "साहेब, झ्याक समजलं बघा. आता एवढंच सांगा. तुमी आन विरोधक इलेक्शनात भांडतायसा आन लग्नात मांडीला मांडी लावून जेवतायसा. त्येला कुठलं कलम?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "वस्ताद, रस्सा गार हुतोय. चला, पानं वाढल्यात!"

* * *

आता माझीच चूक सांगतो. साहेबांना उत्तरं पाठ होत नाहीत. म्हणून आमची पद्धत अशी, की प्रश्न आला की मी मागून चिठ्ठी सरकवायची. पांढरी चिठ्ठी कायद्याची, पिवळी तळाची. कोल्हापुरातल्या एका पत्रकार परिषदेच्या दिवशी पिवळे कागद संपले. "काय हुतंय!" म्हटलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्यावरच लिहिल्या.

पहिला प्रश्न आला, "शहरातल्या पाच मिसळवाल्यांनी एकाच दिवशी दर वाढवले. आपण काय करणार?"

साहेबांनी चिठ्ठी बघितली आणि खणखणीत आवाजात वाचली. "राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीनं याचा तपशील उघड करता येणार नाही!"

हॉल पोट धरून हसायला लागला. मी घाईघाईनं दुसरी चिठ्ठी शोधतोय, तोवर पुढचा प्रश्न, "नेसरीच्या तळाचं काय?" मी हाताला लागली ती चिठ्ठी दिली.

"या क्षेत्रात जास्तीत जास्त नव्या लोकांनी उतरावं. परदेशी आले तरी त्यांचं स्वागतच आहे!"

दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन. "परदेशी गिऱ्हाईक येणार म्हणं! त्यास्नी भज्यात मिरची चालती का, इचारून सांग की!"

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. साहेब मात्र हसले नाहीत. "किती खूश झालीय रे ती," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

* * *

त्या पाच मिसळवाल्यांना साहेबांनी रेस्ट हाऊसवर बोलावलं. पाचहीजण हात जोडून उभे.

"साहेब, आमी ठरवून दर वाढवलंच न्हाईत! आमी एकमेकांची तोंडंबी बघत न्हाय. ह्येचा तर फोन नंबरबी मला ठावं न्हाय!"

साहेब उठून खिडकीपाशी गेले, खाली बघितलं. "मग पाचीजण एकाच जीपमधनं कसं आला?"

आता मात्र पाचहीजण एकमेकांची तोंडं बघायला लागले. शेवटी त्यातला सगळ्यात जाडा म्हणाला, "साहेब, डिझेल केवढं म्हागलंय!"

* * *

आणि मग तो दिवस आला. यादी पक्की झाली आणि त्यात नेसरी होतंच. त्याच आठवड्यात नेसरीत साहेबांचा 'थेट प्रश्न विचारा' कार्यक्रम. मी 'टप्प्याटप्प्यानं पुनर्रचना' असं काहीतरी गुळगुळीत लिहून दिलं होतं. गाडीत साहेबांनी तो कागद उघडूनसुद्धा बघितला नाही.

हॉल गच्च भरलेला. पहिला हात वर झाला तो आक्कांचा! जन्मात कधी बाळ्याशिवाय हाक न मारणारी बाई माइक धरून म्हणाली, "मंत्रीसाहेब, तळ बंद हुतोय का न्हाय? एका शब्दात सांगायचं."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "हुतोय, आक्का."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. मग पुन्हा माइक तोंडाशी धरला.

"बरं. आता दुसरा प्रश्न. यष्टी स्टँडवर तुझ्या मेव्हण्याचा वडापावचा गाडा हाय. त्यो दुसऱ्या कुणालाच तिथं गाडा लावू देत न्हाय. तुझा त्यो कायदा काय म्हणतोय?"

शिट्ट्याच शिट्ट्या! साहेबांचे मेव्हणे, म्हणजे वहिनींचे भाऊ, दुसऱ्याच रांगेत बसलेले, त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "कायदा म्हणतोय, असं कुणाला अडवता येत न्हाय."

आता सगळा हॉल मेव्हण्यांकडं बघायला लागला. ते घाम पुसत उठले. "या की आक्का, आमी कुठं न्हाय म्हणतोय! आमी उजवीकडं हायच, तुमी डावीकडं लावा गाडा."

आक्का म्हणाल्या, "डावीकडं दुपारचं ऊन लागतंय, पावणं. तिकडं तुमी सरका!"