कडुनिंबाची खालची फांदी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं वाशीच्या मार्केटात पाठीवर कांद्याची पोती वाहिली. त्यामुळे व्यायाम हा शब्द ऐकला की त्यांना हसू यायचं. कोपरखैरण्याला आमच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत सकाळी हात वर करून मोठमोठ्याने हसणारी मंडळी दिसली की म्हणायचे, "ह्यास्नी दोन दिस मार्केटात धाडा, हसू बंद हुईल." दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. जीभ आणि पाय हळूहळू वळणावर आले, उजवा हात मात्र छातीच्या वर जाईना.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. आबा म्हणाले, "भितीवर चढाया मी पाल हाय का?" ती गेली की हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. नुसता हात लावून पोत्याचं वजन सांगणारा माणूस डाव्या हाताने घास उचलत होता आणि मी पाहतेय असं दिसलं की तोंड फिरवत होता. मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली की मी चिडायचे. "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये," असं एकदा तोंडातून निघून गेलं. त्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागलं नाही.

फाल्गुनात मी त्यांना बागेत न्यायला लागले. व्यायाम नाही, नुसतं फिरायचं, अशी थाप मारून. दोन चकरा झाल्या की फुललेल्या पांगाऱ्याखालच्या बाकावर बसायचं. समोर बायकांचं बॅडमिंटन चालायचं. आबा मनातल्या मनात गुण मोजायचे आणि कोण रडीचा डाव खेळतंय ते मला हळूच सांगायचे. कुंपणाला लागून एक कडुनिंब होता. त्याला तांबूस पालवी फुटली होती आणि एक फांदी बरीच खाली आली होती. एके सकाळी आबा तिच्याखाली थांबले.

"औंदा गुढीला हितलाच डहाळा," ते म्हणाले. "मीच तोडणार. ह्याच हातानं."

पाडव्याला तीन आठवडे होते. त्या दिवसापासून चकरा झाल्या की आबा फांदीखाली उभे राहायचे आणि हात उचलायचे. आठवडाभरात हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. चार दिवस तसाच. पाचव्या दिवशी घरी परतताना ते म्हणाले, "उद्या न्हाई आलो तर चालंल न्हवं?"

संध्याकाळी ऑफिसातून येताना मी दुकानातून सुतळी घेतली. फांदीला मागच्या बाजूने बांधून ती जराशी खाली ओढली आणि दुसरं टोक कुंपणाच्या जाळीला अडकवलं. आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पानांच्या गर्दीत त्यांना काही दिसलं नाही. सकाळी जबरदस्तीने नेलं, तर फांदी जवळ आल्यासारखी वाटली. त्यांना वाटलं, हात वर गेला. पुढे दर दोन दिवसांनी मी दोन-दोन बोटं ओढत गेले. आम्ही दोघंही बोटं आणि फांदी यांच्यातलं अंतरच पाहत होतो. पाडव्याच्या तीन दिवस आधी त्यांची बोटं पानाला लागली. त्या दिवशी आबा दोन भाकऱ्या जेवले आणि बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले. मला बरं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती.

एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी अख्खा सेक्टर कडुनिंब तोडायला बाहेर पडतो आणि हाताला येईल ती फांदी आधी ओरबाडतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले होते. सकाळी आम्ही गेलो तेव्हा आमच्या फांदीवर एक पान उरलं नव्हतं. सुतळी कुणीतरी जाळीजवळ तोडली होती. फांदी आपल्या मूळ उंचीवर गेली होती आणि सुतळीचं टोक खाली लोंबत होतं.

आबांनी ते डाव्या हाताने धरलं आणि गाठीकडे मान वर करून पाहत राहिले. सुरगाठ आणि वर एक उलटा पीळ. ती गाठ मी लहान असताना त्यांनीच मला शिकवली होती, दुसऱ्या कुणाला तशी बांधताना मी पाहिलेलं नाही. त्यांनी टोक ओढलं, गाठ सुटली.

"किती वढली हुतीस?"

"वीतभर," मी म्हणाले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आबा फांदीखाली सरकले आणि उजवा हात उचलायला लागले. हात खांद्याच्या वर गेला, हनुवटी ओलांडली, कपाळाच्याही वर गेला आणि थांबला. मग त्यांनी डावा हात वर नेला आणि उजव्या हाताच्या बोटांपासून उघड्या फांदीपर्यंत वीत टाकली. बरोबर एक वीत भरली.

"ही वीत तुजी," ते म्हणाले. "बाकीचं माझं."

छातीशी अडलेला हात इथवर आला होता आणि मी सुतळीच्या नादात तो पाहिलाच नव्हता. मी तिथेच रडले. मग कुंपणाच्या जाळीवर पाय देऊन वरचा एक डहाळा तोडला, तो त्यांनी घरापर्यंत आणला.

दुसऱ्या दिवशी सण सरला होता, डहाळ्याचं काही काम नव्हतं. साडेसहाला मी चहा ठेवत होते, तर आबा चपला घालून दारात उभे. सुतळी गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती.

"चल लवकर," ते म्हणाले. "एकच वीत ऱ्हायलीय."