शेवटची चूल

मांजरी गावाच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठावर चिलारी नावाचे साठ उंबऱ्यांचे गाव होते. पेशवाईतल्या एका पुरात ते वाहून गेले आणि वरच्या माळावर पुन्हा वसले. जुन्या पांढरीवर, म्हणजे घरांच्या जागेवर, ज्वारी डोलू लागली. पुराच्या वेळी बारा वर्षांचा असलेला मच्छिंद्र वेसकर आता बेचाळिशीला आला होता. वेशीची राखण त्याच्याकडे असली, तरी त्याचे घर पूर्वीही वेशीबाहेर होते आणि आताही तिथेच होते.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या निंबखडीने उगवतीच्या झऱ्यावर हक्क सांगितला. माळावर विहिरीला पाणी लागत नव्हते. झरा गेला असता तर चिलारीला पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले असते.

निवाड्यासाठी पुण्याहून, शनिवार पेठेतून, श्रीनिवासपंत कारकून आले. त्यांनी जुना कागद वाचला : ‘पांढरीच्या उगवतीकडील शेवटच्या चुलीपासून तीनशे पावलांवर शीव.’

“शेवटची चूल कोणाची?”

“आमच्या आजोबांची,” चिलारीचे पाटील म्हणाले.

तिथे खणल्यावर राख लागली. तीनशे पावले मोजली, तर झरा चाळीस पावले पुढे राहिला. निंबखडीच्या पाटलाने मिशीवरून हात फिरवला.

मच्छिंद्र सकाळपासून लांब उभा होता. “धनी, शेवटची चूल आमची व्हती,” तो म्हणाला. “वेशीभाईर, आनखी साठ पावलांवर.”

“वेशीबाहेरचं घर पांढरीत कधीपासून?” निंबखडीचा पाटील हसला.

पंतांनी चिलारीच्या पाटलांकडे पाहिले. “बोला पाटील. वेसकर गावातला की गावाबाहेरचा? सोयीप्रमाणे दोन्ही लिहायला कागदात जागा नाही.”

पाटलांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “गावातलाच.”

“मोठ्यानं.”

“गावातलाच आहे, अहो!”

मच्छिंद्रने कुदळ मारली. गुडघाभर खाली राख लागली, आणि चुलीच्या उजव्या अंगाला त्याच्या आईने बसवलेला फुटक्या पाट्याचा तुकडाही. तो त्याने धोतराला पुसला. तिथून तीनशे पावले मोजली. झरा वीस पावले अलीकडेच राहिला.

घरी आल्यावर बायकोने विचारले, “मंग आता आपलं घर वेशीच्या आत?”

“कागदात,” मच्छिंद्र म्हणाला आणि पाट्याचा तुकडा तिच्या चुलीशी ठेवला.

तिने घागर उचलली आणि ती झऱ्याकडे निघाली. तिथे ती खालच्या अंगाला उभी राहिली, गावातल्या बायकांचे भरून होईपर्यंत.