गंवार म्हणजे गावचा

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात मला उभं करून बोलायला लावायचे. निजामाचं राज्य होतं. औरंगाबादेत मी त्यांच्या घरी धुणंभांडी करायची, पंगतीला वाढायची. पाहुणे आले की बाईसाहेब हाक मारायच्या, "ए गंवार, म्हण गं, स्टेशन." मी म्हणायची, "ठेसन." सगळे हसायचे. माझं नाव त्या घरात कुणी घेतलंच नाय.

गंवार म्हणजे गावचा. शब्दाचा अर्थ एवढाच. पण त्यांच्या तोंडी अर्थ व्हायचा, ज्याला बोललेलं लागत नाय असा. ज्याच्यावर थुंकलं तरी चालतं असा. वकीलसाहेबांचे आजोबाबी पैठणकडच्या खेड्यातलेच. ते कुणी काढायचं नाय.

एका दुपारी पंगत बसली होती. माझा बाप दारात आला. बिडकीनहून चालत. पाय धुळीनं पांढरे. वकीलसाहेबांनी त्याला मुद्दाम आत बोलावलं, पाहुण्यांना गंमत म्हणून. बापानं वाकून सलाम केला आन् म्हणाला, "सरकार, पोरीला न्यायला आलो. हिची माय खपली."

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं.

एक पाहुणा घास गिळत म्हणाला, "कितीला खपली?"

खपली म्हणजे मेली, हे त्यांना ठाऊक होतं. कळूनच हसले. बाईसाहेब तोंडाला पदर लावून हसल्या. बापाला वाटलं, नीट ऐकू गेलं नसंल. त्यानं हात जोडून परत सांगितलं, "नाय सरकार. तापानं खपली."

मग तर हसणं थांबेना.

मी भांडं खाली ठेवलं. बापाचा हात धरला. बाईसाहेब म्हणाल्या, पंगत उठेपर्यंत थांब, आन् जाताना मागच्या दारानं जा. मी पुढच्या दाराकडं वळले. त्या घरात पहिल्यांदाच मी कुणी न विचारता बोलले.

"माझी माय मेली. तुमचं तुम्ही वाढून घ्या."

रस्त्यात बापानं विचारलं, "पोरी, ती मानसं कामून हसली?"

खोटं सांगता आलं असतं. नाय सांगितलं. म्हणाले, "माझी माय मेली म्हणून हसली."

बाप रस्त्याच्या कडेला खाली बसला. लई वेळ उठला नाय. मी रडले नाय. त्याला काखेत धरून उभं केलं. मायची माती व्हायची होती.

त्या घराची पायरी परत चढले नाय. शहरात मात्र जाते. माझ्याच बोलीत बोलते. कुणी हसलं तर हातातलं काम टाकून त्याच्यापुढं उभी राहते, डोळ्याला डोळा लावून. तो गप होईस्तोवर हलत नाय. हलणारबी नाय.