उजव्या कडेची पट्टी

अलिबागच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं: केतकी मॅडम, मिलिंद आणि मी. वेबसाइट बनवतो. किस्से कधी साठले कळलंच नाही, आणि त्यातले निम्मे एकट्या स्क्रोलबारचे! पानाच्या उजव्या कडेची ती वरखाली सरकणारी पट्टी. तिला रंग देणं, बारीक करणं हा मिलिंदचा नाद. मी हसत सांगायला घेतो, पण शेवटपर्यंत हसू टिकत नाही.

•

नागावच्या एका होमस्टेवाल्या काकांना पट्टी त्यांच्या गेटसारखी हिरवी हवी होती. मिलिंदने छटा बदलून बदलून जमवली. काकांनी मोबाइल उघडला.

"कुठाय?"

"काका, मोबाइलवर नाही दिसत. कॉम्प्युटरवर दिसेल."

"कॉम्प्युटर घेऊन समुद्रावर कोण येतंय!"

पुढे मोबाइलवालेही आले नाहीत. गेटला आता कुलूप असतं.

•

माणगावच्या साडीच्या दुकानासाठी मिलिंदने पट्टी दोऱ्याएवढी बारीक केली, तीही फिकट राखाडी. मालकांच्या वडिलांचा फोन आला, "दुकान अर्धंच आलंय! पैठण्या कुठं हायत?"

"आजोबा, पान खाली सरकवा."

"काय धरून सरकवू? हात थरथरतो माझा, ती सापडतच न्हाय!"

मॅडमनी फोन ठेवला. "आणि आपण ह्याला एलिगंट म्हणत होतो!"

•

मिलिंद नवी मुंबईला इंटरव्ह्यूला गेला. सर्वात चांगलं काम दाखवा म्हटल्यावर त्याने पट्टीच दाखवली. पण त्याचा कोड एकाच ब्राउझरपुरता, आणि त्यांनी उघडला दुसरा. तिथं साधी, करडी पट्टी.

"ह्यात तुम्ही काय केलंय?" त्यांनी विचारलं.

परत आल्यावर मिलिंद एवढंच म्हणाला, "माझं काम दिसलंच नाही रे."

•

रेवदंड्याच्या एका फोटोग्राफरची साइट आम्ही करत होतो. ती चालू व्हायच्या आधीच ते अचानक गेले. महिन्याभराने त्यांची बायको ऑफिसात आली. "बंद करायची तर करा. एकदा बघू द्या फक्त."

मिलिंदने खुर्ची दिली. होड्या, वाळत घातलेली मासळी, लग्नातल्या नवऱ्या. एकेक फोटो बघत त्या हळूहळू खाली येत होत्या. मध्येच हात थांबला.

"ही बाजूची पट्टी काढता येते?"

"येते ना, ताई. रंग नाही आवडला?"

"रंग चांगला हाय. पण किती उरलंय ते दिसतंय."

मिलिंदने एक ओळ लिहिली. पट्टी गेली. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून बघायला सुरुवात केली.