निधनाच्या रकान्यातले काका

१ जुलै २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. प्रताप नगरातल्या वाचनालयाच्या फाटकाशी बाबांनी खडू खाली ठेवला. दिनविशेषाचा फळा लिहून झाला होता.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. घटना, जन्म आणि निधन असे तीन रकाने ते नऊ वर्षे रोज भरत आले होते, तेही कागद हातात न घेता. त्या दिवशीच्या घटना बिनचूक होत्या: १८५८, उत्क्रांतीच्या सिद्धांताचे लंडनमधील पहिले वाचन, १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस, १९९७, हाँगकाँग चीनच्या ताब्यात. जन्माच्या रकान्यात, दरवर्षीप्रमाणे, ‘एक जुलैवाले’. हे पाच मित्र रामटेककडच्या खेड्यांतले. खरी जन्मतारीख घरी कोणालाच ठाऊक नसल्याने, शाळेत नाव घालताना गुरुजींनी पाचही जणांना एक जुलै देऊन टाकली होती. म्हणून त्या दिवशी फाटकाशी सामुदायिक वाढदिवस आणि आलूबोंडे.

जन्माच्या रकान्यात मात्र चारच नावे होती. पाचवे, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या काकांचे, निधनाच्या रकान्यात होते. काका फळ्यासमोर उभे होते, हातात आलूबोंडा.

“मास्तर, मले काहून मारून राहिला गा? खाऊ तर दे!”

“आता तेराव्याले जिलेबी पाहिजे,” दुसरे म्हणाले.

“तेरावं कायचं, याचं तर वर्षश्राद्ध आहे आज. रकाना वाच!”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिले, नंतर फळ्याकडे, आणि नाव पुसले नाही. घरी परतताना ते हळू आवाजात म्हणाले, “तो गेला ना वं? म्या खांदा देल्ला त्याले.”

मी पुण्याला जैवसांख्यिकीत पीएचडी पूर्ण करून नुकतीच घरी आले होते. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने दोन वर्षांची जागा देऊ केली होती आणि होकार किंवा नकार ११ जुलैच्या संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात. सदर भागातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वेळ दिली ती १४ जुलैची. म्हणजे निर्णय निदानाआधी घेणे भाग होते.

विदा, म्हणजे मोजायची माहिती, माझ्याकडेच होती. बाबा रोज सकाळी फळ्याचा फोटो मला पाठवत. त्या दुपारी मी दोन वर्षांचे फोटो उघडले आणि प्रत्येक नोंद ताडून पाहिली. गेल्या डिसेंबरपर्यंत महिन्याला जेमतेम एक चूक. जानेवारीत चार. मार्चमध्ये नऊ. मे महिन्यात एकोणीस. एका फळ्यावर एकच लढाई तीनदा लिहिलेली होती. प्रत्येक फोटोखाली मी पाठवलेले अंगठ्याचे चिन्ह होते. मी एकही फोटो वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी चाचणी सुरू केली. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले, वर्तमानपत्र बाजूला ठेवले. सात वाजून दहा मिनिटांनी मी तारीख सांगायची आणि बाबांनी आठवतील त्या नोंदी सांगायच्या. प्रत्येक अचूक नोंदीला एक गुण. सूचक शब्द द्यायचा नाही. दहा दिवसांची सरासरी चार किंवा अधिक आली तर जायचे. कमी आली तर नाही. मला जायचे होते. हे स्पष्ट लिहिते, कारण मोजणाऱ्याची इच्छा मोजमापात शिरते.

“मास्तरचीच परीक्षा घेऊन राहिली का वं?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारले. “कॉपी करू देशीन का?”

सहा. नंतर पाच, पाच, तीन.

चौथ्या दिवशी, सकाळच्या चाचणीनंतर, काका चहाला आले, तासभर बोलले, गेले. बाबांनी दाराची कडी लावली आणि पुन्हा ओढून पाहिली. “आवाज त्याचाच होता,” ते म्हणाले. “पण हा कोण होता?” त्यानंतर घरात कडीचा तो आवाज दिवसातून अनेकदा येऊ लागला.

सहा, चार, तीन, तीन, तीन.

नऊ दिवसांची बेरीज अडतीस. शेवटच्या दिवशी दोन गुण पुरेसे होते.

तो दिवस ११ जुलैचा. माझा वाढदिवस. गेल्या वर्षीच्या या तारखेच्या फोटोत जन्माच्या रकान्यात, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात ‘आमची लेक’ असे लिहिलेले मी दहा दिवसांपूर्वीच पाहिले होते.

मी तारीख सांगितली. बाबांनी डोळे मिटले.

“एकोणऐंशी. स्कायलॅब कोसळलं. सारे लोक आभाळाकडे पाहत होते.”

एक. मी थांबले. त्यांनी आणखी एक तह सांगितला. तो या तारखेचा नव्हता. याच तारखेचा लोकसंख्या दिन त्यांना आठवला नाही.

“आणि जन्म?” मी विचारले. हा प्रश्न नियमात बसत होता. रोज विचारत होते.

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, अनोळखी पाहुण्याकडे अदबीने पाहावे तसे. एक शब्द बोलले असते तर चाळीस झाले असते, आणि तो शब्द मला ठाऊक होता.

“नाही,” ते म्हणाले. “या तारखेले कोणीच नाही.”

मी पेन उचलले. जवळच्या पूर्णांकात मांडले तर चारच येतात, हे मला दिसत होते. मी वहीत सरासरी लिहिली: ३.९.