भाऊजींचा रविवारचा कार्ब्युरेटर

चालू यंत्र बंद पाडण्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा हात धरणारा माणूस चांद्यापासून पोंभुर्ण्यापर्यंतच्या जंगलात झाला नाही. भाऊजी पोंभुर्ण्याला गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या हाताने गुरांना गुण यायचा, हे मी मान्य करतो; गुरं खोलून पुन्हा जोडावी लागत नाहीत, हेच त्याचं कारण असावं. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक मोटरसायकल होती आणि दर रविवारी ते तिचा कार्ब्युरेटर अंगणात चादरीवर मांडून बसत. गाडी नीट चालते आहे, एवढं कारण त्यांना दुरुस्तीला पुरे. जोडल्यावर एखादा स्क्रू उरला की "हा कंपनीनं फालतू लावला होता" म्हणून ते तो भिरकावून देत. ताईने तर आपलं शिवणयंत्र शेजारणीकडे लपवून ठेवलं होतं.

मी चांद्याला मास्तर. एका उन्हाळ्यात गुरांवर बुळकांडीची साथ आली आणि भाऊजी लस न्यायला चांद्याला आले. ती बर्फात ठेवावी लागे. बर्फ वितळला की वाया. पोंभुर्ण्यापलीकडच्या एका वस्तीत लोक गुरं बांधून वाट पाहत होते. मला सुट्टी होती, म्हणून लस आणि बर्फ भरलेला थर्मास सांभाळायला मी मागे बसलो.

पाच मैलांवर गाडी गचके खाऊन थांबली. भाऊजींनी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं आणि उपरण्यावर कार्ब्युरेटर उतरवला. त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकाची तोटी, फुंकलं, सगळं जोडलं, किक मारली. गाडी सुरू!

"पाह्यलं? जेटमंधी कचरा होता."

"मला तर दिसला नाही, भाऊजी."

"तुले दिसला असता त तू मास्तर कायले झाला असता?"

पुढच्या पाच मैलांवर तेच. आणखी पाचांवर पुन्हा तेच, पुन्हा तोच अदृश्य कचरा. ऊन डोक्यावर आलं. थर्मासमधला बर्फ खुळखुळेनासा झाला. चौथ्यांदा भाऊजींनी झाकण उघडून पाहिलं आणि उपरणं पसरलं तेव्हा बाजाराला निघालेली एक तेलीणबाई बैलगाडी थांबवून पाहत राहिली.

"भाऊ, झाकण उघडलं का ते सुस्स काऊन करते?" तिने विचारलं. "तेलाच्या डब्याले आमी दोन भोकं पाडतो. एकाच भोकानं तेल येत नाई."

भाऊजींचा चेहरा उतरला. पेट्रोल पँटवर उडतं म्हणून मागच्याच रविवारी त्यांनी झाकणाचं बारीक भोक साबणाने बुजवलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. आणि दर वेळी झाकण उघडलं की गाडी आपोआप बरी होई. बाभळीच्या काट्याने त्यांनी साबण उकरला. गाडी मग कुठेच थांबली नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मोहाच्या झाडाखाली सकाळपासून बांधलेली गुरं धापा टाकत होती. भाऊजींनी थर्मासमध्ये बोट घातलं. पाणी कोमट होतं.

"टोचून टाका," मी हळूच म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग लोकांपुढे जाऊन म्हणाले, "दवा खराब झाली. चूक माझी हाये, मीच गाडीत खाटखूट केली. उद्या दुसरी आणतो."

लोक दावी सोडू लागले. दुसऱ्या दिवशी भाऊजी बसने चांद्याला जाऊन आले आणि शेवटचे सहा मैल थर्मास छातीशी धरून चालत गेले. तोवर एका म्हातारीची गाय तापाने फणफणली होती. तिला लस देऊन उपयोग नव्हता. बाकीची गुरं टोचून ते त्या गायीजवळ तिचा जीव जाईपर्यंत बसून राहिले.

भाऊजी आता नाहीत. त्यांच्या दुरुस्तीची नक्कल करून मी अजूनही घरच्यांना पोट धरून हसायला लावतो. कोमट पाण्यापाशी आलो की मात्र मी विषय बदलतो. त्या दुपारी मी काय सुचवलं होतं, ते भाऊजींनी ताईलाही कधी सांगितलं नाही.